इटालियन विहीणबाईंना वाढदिवसाच्या शुभेच्छा कशा द्यायच्या? (जरा तातडीचं आहे)

शेवगा_आमटी | ९ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय. असा धागा आधी निघाला असेल तर लिंक द्या, मी शोधलं पण "इटालियन पास्ता घरच्या घरी" हेच सारखं पुढे येतंय.

तर झालंय असं की मुलगा इटलीत तोरिनोला असतो, सून तिथलीच, लग्नाला आता दोन वर्षं होतील. येत्या १४ तारखेला विहीणबाईंना साठ पूर्ण होतायत. आपल्याकडे साठीचं केवढं असतं, शांत करतात, चार माणसं जेवायला बोलावतात, त्यामुळे मला नुसतं हॅपी बर्थडे म्हणून सुटायचं नाहीये. त्यांना इंग्रजी जेमतेम आणि माझंही काही फाडफाड नाही, आम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर एकमेकींकडे बघून हसतो, मग मी कुंडीतला कढीपत्ता दाखवते, त्या त्यांचं मांजर दाखवतात, की झाला कॉल. म्हणून ठरवलंय की या वेळी त्यांच्या भाषेत बोलायचं, व्हॉइस मेसेज करायचा. भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून बघितलं तर प्रत्येक वेळी वेगळंच वाक्य आलं. लेकाला विचारायचं नाही कारण तो बायकोला सांगणार, ती आईला, म्हणजे सांगलीत शिंकलं की तोरिनोत रुमाल.

नेमकं काय म्हणायचं ते देवनागरीत लिहून द्या. अहोजाहो करायचं का तेही सांगा. रात्री बाराच्या ठोक्याला पाठवणार आहे, म्हणजे पहिला नंबर माझा.

रिकामटेकडा | ९ ऑक्टोबर, ३:१४

काकू सोप्पंय, कुठल्याही शब्दाच्या शेवटी ओ किंवा ई लावा. वाढदिवसो शुभेच्छिनी.

तोरिनोकर | ९ ऑक्टोबर, ५:४०

काकू, मी इथे शिकायला आहे, तिसरं वर्ष. वरच्यांचं ऐकू नका.

आधी शेवटचा मुद्दा घेतो कारण तिथेच घोळ होणार आहे. बाराच्या ठोक्याला अजिबात पाठवू नका!! इटलीत वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अपशकुनी मानतात. पोर्ता माले म्हणतात, वाईट घेऊन येतं असं. आपल्याकडे कसं, उद्या गडबडीत राहून जाईल म्हणून आदल्या दिवशीच "ॲडव्हान्समध्ये हं" म्हणून मोकळे होतो, ते इथे करायचं नाही. आता गंमत बघा, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इथे उन्हाळी वेळ चालते, आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. म्हणजे सांगलीत १४ तारखेचे रात्रीचे बारा वाजतील तेव्हा विहीणबाई १३ तारखेच्या संध्याकाळी साडेआठला जेवायला बसलेल्या असतील. पहिला नंबर लागेल, पण कशात ते सांगत नाही.

आपल्याकडच्या पहाटे साडेतीनच्या आधी नाही. खरं तर सकाळी साडेअकरा-बाराला पाठवा, इथे आठ-साडेआठ होतात, हातात कॉफी असते.

काय म्हणायचं:

ब्वोन कोंप्लेआन्नो = वाढदिवसाच्या शुभेच्छा. 'ब्वोन'मधला 'ब्वो' एका दमात, बु-ओन असं तोडायचं नाही.

तान्ती आउगूरी = खूप शुभेच्छा. जोर 'गू'वर. इथली माणसं याच जास्त वापरतात, आणि केक कापताना आपण हॅपी बर्थडे टू यू ज्या चालीवर म्हणतो त्याच चालीवर "तान्ती आउगूरी आ ते" म्हणतात.

लेखी द्यायचं तर आउगूरी एकटं पण चालतं. लग्न, नाताळ, नवं वर्ष, सगळीकडे तेच. फक्त परीक्षेला नाही, त्याला लांडग्याच्या तोंडात जा म्हणतात, तो वेगळा विषय.

शेवगा_आमटी | ९ ऑक्टोबर, ५:५२

अगं बाई. बरं झालं विचारलं. मी गजर लावून ठेवला होता रात्री ११:५५चा.

मिलानकर | ९ ऑक्टोबर, ९:२५

तोरिनोकरला +१. ताई, नऊ वर्षं झाली इथे, उच्चाराबद्दल थोडं सांगतो.

आपण इटालियन शब्द इंग्रजीतून वाचतो म्हणून टान्टी ऑगुरी करून टाकतो. इटालियन त आणि द हे आपले त आणि द आहेत, दातांना जीभ लावून. 'र' पण आपला, चांगला खणखणीत. माझ्या ऑफिसातला इंग्लंडचा माणूस अकरा वर्षं राहून टान्टी म्हणतो आणि मी पहिल्या आठवड्यात तान्ती म्हटलं तर कँटीनवाली बाई म्हणाली तू दक्षिणेकडचा का? मी म्हटलं हो, बराच दक्षिणेकडचा.

दुसरं, कोंप्लेआन्नोमधला जोडाक्षरी न्न. तो नीट दाबून म्हणायचा, 'अन्न'मध्ये म्हणतो तसा. इथे आपल्याला फुकटचा फायदा आहे, पक्का, कच्चा, सत्तर, भट्टी म्हणत वाढलेल्या माणसाला यात काही शिकायचं नाही. पण घाईत सुटला तर पंचाईत आहे. आन्नो म्हणजे वर्ष. आनो म्हणजे, कसं सांगू, बसायची जागा, आणि त्यातही मध्यभाग. इटालियनमध्ये मी तीस वर्षांचा आहे असं म्हणत नाहीत, माझ्याकडे तीस वर्षं आहेत असं म्हणतात. मी नवीन असताना एकाच्या वाढदिवसाला भर टेबलावर वय विचारलं गेलं आणि मी आत्मविश्वासाने एक न खाल्ला. माझ्याकडे काय तीस आहेत ते सगळ्यांना कळलं. मुली ज्या हसल्या ना.

रिकामटेकडा | ९ ऑक्टोबर, ९:३१

हसून हसून पुरेवाट. काकू व्हॉइस मेसेज करण्याआधी अन्न अन्न अन्न असा जप करा.

अडगुळं | ९ ऑक्टोबर, १०:०२

नुसता मेसेज कशाला, फुलं पण पाठव की. ऑनलाइन जातात आता. माझ्या भाचीने पाठवलेली.

मिलानकर | ९ ऑक्टोबर, १०:२०

फुलं पाठवा पण शेवंती नको!! हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे.

माझी पहिली घरमालकीण सत्तरीची, वाढदिवस ऑक्टोबरच्या शेवटी. त्या दिवसांत इथल्या सुपरमार्केटच्या दारात शेवंतीच्या कुंड्यांची रांग लागलेली असते, पिवळ्या, पांढऱ्या, जांभळ्या, गोल भरगच्च. मला काय, दसरा-दिवाळीची आठवण आली, गजरा, तोरण, झेंडूशेजारची शेवंती, गळाच भरून आला. चांगली मोठी पिवळी कुंडी घेतली, वर लाल रिबीन बांधून घेतली (दुकानातल्या पोरीने एकदा माझ्याकडे बघितलं, तेव्हाच कळायला हवं होतं) आणि तिच्या दारावर बेल मारून ब्वोन कोंप्लेआन्नो केलं.

बाईने कुंडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत कुंडीकडे. ग्रात्सिए (धन्यवाद) म्हणाली आणि कुंडी घरात न नेता जिन्याच्या कट्ट्यावर ठेवली. मला आत बोलावलं, केक दिला, सगळं केलं, पण कुंडी बाहेरच. नंतर कळलं की इथे शेवंती फक्त कबरीवर वाहतात. १ नोव्हेंबरला सगळ्या संतांचा दिवस, २ला मृतांचा, त्यासाठी त्या कुंड्या आलेल्या असतात. २ तारखेला सकाळी ती बाई माझीच कुंडी काखेत मारून बसने नवऱ्याच्या कबरीवर निघालेली मी खिडकीतून बघितली. रिबीन काढली होती.

शेवगा_आमटी | ९ ऑक्टोबर, १०:४१

मी आत्ता एका साइटवर पिवळा गुच्छ कार्टमध्ये टाकलेला होता, खाली नाव क्रिसान्तेमी असं काहीतरी आहे. हीच का?

मिलानकर | ९ ऑक्टोबर, १०:४३

हीच. काढा ताई, आत्ताच्या आत्ता काढा.

अडगुळं | ९ ऑक्टोबर, १०:५०

बाई गं, मी आपलं चांगल्या मनाने सांगितलं होतं.

व्युत्पत्तीवाले_काका | १० ऑक्टोबर, सकाळी ६:१५

उशिरा पाहिला धागा. अर्थ आणि उच्चार झाले, आता मुळाकडे जाऊ. कोंप्लेआन्नो या शब्दाची फोड केली तर कोंपिएरे म्हणजे पूर्ण करणे आणि आन्नो म्हणजे वर्ष. स्पॅनिशमध्येही असाच शब्द आहे, इटालियनने तो तिथून घेतला. आता आमटीताईंनी पहिल्याच परिच्छेदात काय लिहिलंय बघा: "विहीणबाईंना साठ पूर्ण होतायत". आणि साठीच्या विधीला आपण काय म्हणतो? षष्ट्यब्दीपूर्ती. अब्द म्हणजे वर्ष, त्याची पूर्ती. कोंप्लेआन्नोचं शब्दशः संस्कृत करायला कुणाला सांगितलं असतं तर त्याने अब्दपूर्ती असंच केलं असतं. इंग्रज जन्माच्या दिवसाला धरून बसतो, इटालियन आणि आपण दोघेही संपलेलं वर्ष मोजतो.

आता आउगूरी. प्राचीन रोममध्ये औगुर नावाचे पुरोहित असत, पक्षी कुठून उडाले, किती उडाले, कसे ओरडले यावरून देवांचा कौल सांगणारे. त्यांच्यावरून हा शब्द. संस्कृतात शकुन म्हणजे काय? शुभाशुभ चिन्ह, आणि पक्षी सुद्धा! ज्या मुलीला पक्ष्यांनी सांभाळलं ती शकुंतला. औगुरची व्युत्पत्ती जुने लोक पक्षी या अर्थाच्या आविस शब्दाशी जोडत, नवे अभ्यासक जास्त करून आउगेरे, म्हणजे वाढणे, याच्याशी जोडतात. पक्षी धरला तर शकुन होतो, वाढणे धरलं तर वाढदिवस होतो, आपलं दोन्हीकडून जमतंय. जाता जाता, इनॉगरेशनमध्ये लपलेला आहे तोही हाच औगुर. म्हणजे आपले पुढारी फीत कापतात तेव्हा खरं तर वर बघून कावळे मोजायला हवेत.

तेव्हा आधी शुभेच्छा दिल्या की अपशकुन का, याचं उत्तर त्या शब्दातच पडलंय असं मला वाटतं. शकुन हा वेळेवरच घ्यायचा असतो. (हे माझं मत, पुरावा मागू नये.)

रिकामटेकडा | १० ऑक्टोबर, ९:०५

काकांनी सकाळी सव्वासहाला कावळे मोजले.

तेलाची_पणती | १० ऑक्टोबर, ११:३०

विषय निघालाच आहे तर सांगते, पाश्चात्य लोक वाढदिवसाला दिवा विझवतात, आपण दिवा लावून ओवाळतो, यातच दोन संस्कृतींमधला

मिलानकर | १० ऑक्टोबर, ११:३४

आलं. मी वाटच बघत होतो.

अडगुळं | १० ऑक्टोबर, ११:४०

ताई, आमच्याकडे दोन्ही करतात. आधी औक्षण, मग मेणबत्ती, मग नातवाच्या तोंडाला क्रीम. कृपया नवीन धागा काढा, इथे त्या बिचारीला १४ तारखेच्या आत उत्तर पाहिजे.

बारामतीचा_पाना | १० ऑक्टोबर, दुपारी १:१५

आमच्याकडे बारामतीत इटालियन माणसं येऊन जाऊन असतात म्हणून चार शब्द कानावर. एक जण होता तोस्काना भागातला, त्याच्या वाढदिवसाला आम्ही पोरांनी वर्गणी काढून केक आणायचं ठरवलं, तर साहेब सकाळीच स्वतः मिठाईचा खोका घेऊन हजर, वर चहाचे पैसे पण त्यानेच दिले. आम्हाला वाटलं चिडला का काय. तर त्यांच्यात ज्याचा वाढदिवस तोच सगळ्यांना खिलवतो, फेस्तेज्जातो म्हणतात त्याला, म्हणजे उत्सवमूर्ती. ऑफिसात बिस्किटं-पेस्ट्री त्यानेच आणायची, बारमध्ये कॉफी त्यानेच पाजायची. (बार म्हणजे तिकडे कॉफीचं दुकान हां, आपल्यासारखं नाही.) मग आम्ही म्हटलं हे झकास आहे, आपल्याकडे पण पार्टी मागतातच की बर्थडे बॉयकडे, फरक एवढाच की आपल्याकडे मागावी लागते.

अजून एक म्हणजे कान ओढतात. जेवढी वर्षं तेवढ्या वेळा कानाची पाळी ओढायची. तो बावन्नचा होता, आमच्या फोरमनने मोजून बावन्न ओढले, पाळी लालबुंद.

अवांतर, आपण ज्याला ॲपे रिक्षा म्हणतो तो खरा उच्चार आपे, इटालियनमध्ये आपे म्हणजे मधमाशी. आणि व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. हे मला त्याने सांगितलं, मी गावाला जाऊन सगळ्या ॲपेवाल्यांना सांगितलं, कुणाला काही पडलेली नव्हती.

शेवगा_आमटी | १० ऑक्टोबर, २:००

किती छान माहिती देताय सगळे. कान ओढायचं मी विहीणबाईंच्या बाबतीत सोडून देते. पण माझा अहोजाहोचा प्रश्न राहिला.

तोरिनोकर | १० ऑक्टोबर, ६:१०

हो, तो राहिलाच. तू = तू. शब्दसुद्धा तोच, तू. आदराला लेई. लेईचा मूळ अर्थ 'ती' असा आहे, म्हणजे समोर मिशीवाले प्रोफेसर असले तरी व्याकरणात त्यांना 'ती'च म्हणायचं, "ती कशी आहे?" म्हणजे आपण कसे आहात. पहिलं सेमिस्टर माझं यातच गेलं.

व्युत्पत्तीवाले_काका | १० ऑक्टोबर, ६:३२

मुसोलिनीच्या राजवटीने १९३८ साली या लेईवर मोहीम उघडली होती. परकं आहे, बायकी आहे म्हणून, आणि त्याऐवजी व्होई (म्हणजे तुम्ही) म्हणायचं फर्मान. राजवट गेली, लेई परत आलं. दक्षिणेत, नेपल्सच्या बाजूला, मोठ्यांना अजून व्होई म्हणतात पण ते फर्मानाच्या आधीपासूनचं आहे.

तोरिनोकर | १० ऑक्टोबर, ६:५०

धन्स काका. तर काकू, तुमच्या केसमध्ये सरळ तू. दोन्हीकडचे सासूसासरे एकमेकांना तू-च म्हणतात शक्यतो, तुम्ही लेई लावलंत तर त्यांना वाटेल काहीतरी बिनसलं. आणि आता सगळ्यात भारी गोष्ट, ही सांगायला मी कालपासून थांबलोय. विहीण या शब्दाला इटालियनमध्ये शब्द आहे! इंग्रजीत नाही, मदर इन लॉ ऑफ माय सन असली मालगाडी जोडावी लागते. इटालियनमध्ये चक्क कोन्स्वोचेरा. स्वोचेरा म्हणजे सासू, कोन म्हणजे सोबत. सह-सासू. व्याही म्हणजे कोन्स्वोचेरो.

शेवगा_आमटी | १० ऑक्टोबर, ६:५८

काय सांगतोस! मी दोन वर्षं लोकांना "माय सन्स वाइफ्स मदर" म्हणतेय.

तोरिनोकर | १० ऑक्टोबर, ७:०५

हो ना. फक्त तोंडावर हाक मारताना नावानेच मारतात, कोन्स्वोचेरा म्हणून हाक मारणं म्हणजे आपण "काय विहीणबाई!" म्हणतो तसं, थट्टेच्या सुरात. पण तुम्ही म्हटलंत तर त्या खुर्चीतून उठतील. कारा कोन्स्वोचेरा. कारा म्हणजे प्रिय, बाईला कारा, पुरुषाला कारो, हे उलटं करू नका.

आणि साठीबद्दल, इथे साठीला आपल्यासारखं धार्मिक काही नसतं. इथे मोठा बार उडतो अठराव्याला. सज्ञान व्हायचं वय १९७५मध्ये एकवीसवरून अठरा झालं, आणि आता अठराव्याला हॉल, डीजे, गाऊन, फोटोग्राफर, आपल्याकडच्या एंगेजमेंटएवढा खर्च. साठीला घरची माणसं, जेवण, केक, प्रोसेक्को (इथली फेसाळती वाइन).

गोंयचो_पाव | १० ऑक्टोबर, ८:४५

माझे दोन पैसे. विहीणबाईंचं नाव संताच्या नावावरून असेल तर वर्षातून अजून एक दिवस लक्षात ठेवा, ओनोमास्तिको. नामदिन म्हणा. ज्या संताचं नाव तुम्हाला, त्याच्या सणाच्या दिवशी तुम्हाला ब्वोन ओनोमास्तिको. जुझेप्पे असेल तर १९ मार्च, आन्ना असेल तर २६ जुलै, लुचीया असेल तर १३ डिसेंबर. ज्या नावाला संतच नाही त्याला १ नोव्हेंबर, सगळ्या संतांचा दिवस, कुणीही उपाशी राहत नाही. दक्षिणेत तर कित्येक घरांत अजूनही वाढदिवसाइतकाच मानतात.

आणि तोरिनोचा राखणदार संत जुव्हान्नी, २४ जून. तीच तारीख आमच्याकडे सांजांव! पाऊस सुरू झालेला, डोक्यावर फुलापानांचं कोपेल, विहिरीत धडाधड उड्या आणि नव्या जावयाचा मान. तुमचा मुलगा तिकडचा नवा जावय म्हणजे त्याने २४ जूनला तिथल्या नदीत उडी मारायला हवी होती, मारली का विचारा.

कोंकणीत वाढदिवस म्हणजे वाडदीस, उगाच आपलं सांगून ठेवतो.

मिलानकर | १० ऑक्टोबर, ९:१०

पो नदीत उडी मारली तर पोलीस जावयाचा मान ठेवणार नाहीत.

शेवगा_आमटी | ११ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

बरं, मी आता सगळं जुळवून एक मसुदा केलाय, तपासून द्या. तेवढं एक, शंभर वर्षं जगा असं काही म्हणतात का? जीवेत् शरदः शतम् सारखं? साठीला तेवढं पाहिजेच.

"कारा कोन्स्वोचेरा, ब्वोन कोंप्लेआन्नो! तान्ती आउगूरी. ती आमो. उन आब्ब्राच्चो दा सांगली."

शेवटचं मिठी मारल्याचं मीच शोधलं.

मिलानकर | ११ ऑक्टोबर, १२:०५

मसुदा गोड आहे पण ती आमो काढा ताई!! ते नवराबायको आणि प्रेमिकांचं. आईला, बहिणीला, मैत्रिणीला ती वॉल्यो बेने म्हणतात, शब्दशः मी तुझं बरं इच्छिते, भावार्थ माझा जीव आहे तुझ्यावर. आपल्याला आय लव्ह यूची एवढी सवय झालीये की सगळीकडे तेच चिकटवतो.

आणि शंभराचं आहे ना, चेंतो दी क्वेस्ती जोर्नी. असे शंभर दिवस येवोत, म्हणजे असे शंभर वाढदिवस. जुनं वळण आहे, साठीच्या बाईला फार आवडेल. सी नंतर ई आला की च, म्हणून चेंतो, सेंटो नाही.

तोरिनोकर | ११ ऑक्टोबर, १२:३०

+१. आउगूरीला दी क्वोरे जोडा, मनापासून. आणि काकू, त्या तुम्हाला काही बोलल्या तर सवयीने "तुम्हालाही" म्हणू नका. आल्त्रेत्तान्तो म्हणजे सेम टू यू, ते नाताळला चालतं, वाढदिवसाला नाही. मी माझ्या वाढदिवसाला सगळ्यांना आल्त्रेत्तान्तो म्हणत फिरलोय.

शेवगा_आमटी | १३ ऑक्टोबर, रात्री ९:४०

फायनल: "कारा कोन्स्वोचेरा, ब्वोन कोंप्लेआन्नो! तान्ती आउगूरी दी क्वोरे, चेंतो दी क्वेस्ती जोर्नी. ती वॉल्यो बेने. उन आब्ब्राच्चो दा सांगली."

फ्रिजवर चिकटवलंय. दिवसभर भाजी चिरताना म्हणतेय, कामवाल्या मावशींना पाठ झालं. फुलं म्हणून लिली आणि गुलाब मिक्स सांगितलेत, शेवंती नको असं नोटमध्ये तीनदा लिहिलंय. उद्या साडेअकराला सोडते. गजर बंद केलाय. झोपते आता.

रिकामटेकडा | १३ ऑक्टोबर, ९:४४

अन्न अन्न अन्न.

शेवगा_आमटी | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

मंडळी, घात झाला.

मी साडेदहाला झोपले. आमचे हे जागे होते, मॅच बघत होते. यांना मी या धाग्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं कारण यांच्या पोटात काही राहत नाही. यांनी आपलं भारतीय वेळेनुसार बरोब्बर १२:०० वाजता दोन्ही घरांच्या ग्रुपवर गुलाबांचं, चमचम करणारं, खाली हॅपी बर्थडे लिहिलेलं चित्र टाकलं. पुष्पगुच्छ, केक, फुगे, नमस्कार, सगळं. वर "फर्स्ट विश फ्रॉम इंडिया".

आत्ता उठून बघतेय तर विहीणबाईंनी खाली फक्त एक हाताचं चिन्ह टाकलंय, करंगळी आणि तर्जनी वर केलेली, रॉकवाले करतात ते. आणि यांनी त्याला उत्तर म्हणून तेच चिन्ह तीनदा टाकलंय. म्हणतात विहीणबाई खूश आहेत, एकदम मॉडर्न आहेत.

तोरिनोकर | १४ ऑक्टोबर, ७:४८

काकू, मी अंथरुणात आहे, इथे सव्वाचार वाजलेत, पण हे वाचून उठून बसलो.

ते रॉकवालं नाही. ते कॉर्ना, शिंगं. अपशकुन झाला की तो टाळायला शिंगं करतात, नाहीतर लोखंडाला हात लावतात. म्हणजे त्यांनी काकांचा अपशकुन परतवून लावला, थोडक्यात थू थू थू, दृष्ट लागू नये. इथवर ठीक आहे, त्या मजेतच करत असणार. पण काकांनी जे परत पाठवलं ना, तीच शिंगं दुसऱ्या माणसाला दाखवली की अर्थ वेगळा होतो. ज्याला दाखवली त्याच्या घरी जोडीदार इमानदार नाही असा.

शेवगा_आमटी | १४ ऑक्टोबर, ७:५५

तीनदा पाठवलंय रे यांनी!!!

अडगुळं | १४ ऑक्टोबर, ८:२०

हसून चहा सांडला. सॉरी.

शेवगा_आमटी | १४ ऑक्टोबर, दुपारी १:३०

अपडेट. साडेअकराला व्हॉइस मेसेज सोडला. न्न दाबला, च नीट काढला, सांगलीवर जरा आवाज कापला पण निभावलं. पाच मिनिटं दोन निळ्या टिका नुसत्या. मग थेट व्हिडिओ कॉल. विहीणबाई झोपायच्या कपड्यांत, हातात कॉफी, मागून सून आणि लेक डोकावतायत, आणि त्या एकच शब्द परत परत म्हणत होत्या, कोन्स्वोचेरा, कोन्स्वोचेरा, आणि हसत होत्या. मग दोन मिनिटं काय काय बोलल्या, मला फक्त ब्रावा (शाब्बास) कळलं. लेक म्हणाला त्या म्हणतायत चेंतो नको, नव्वदला मी खूश आहे, गुडघे साथ देत नाहीत.

शिंगांबद्दल लेकाने विचारलं बाबांनी असं का केलं. मी यांच्याकडे कॅमेरा फिरवला. हे ताटात भाकरी घेऊन बसलेले, यांनी कॅमेऱ्याकडे बघून परत तीच खूण केली. तिकडे विहीणबाईंनी मांजर उचललं आणि त्याचा पंजा धरून यांना खूण परत केली, व्याही तर हसून कॉफीवर पडायचेच राहिले.

फुलं अजून पोचली नाहीत. सगळ्यांचे आभार, तोरिनोकर, तू झोप आता.

बारामतीचा_पाना | १४ ऑक्टोबर, १:४१

काकू, काकांना इथे सभासद करून घ्या, लगेच.

शेवगा_आमटी | १४ ऑक्टोबर, ५:०५

फुलं आली. लेकाने फोटो पाठवलाय. लिली आहेत, गुलाब आहेत, आणि मधे भरावाला तीन पिवळी आहेत. मिलानकर, झूम करून सांगा ना, ती कसली आहेत?